उकिरडा, गोणी आणि पिशोरची काळी माती

अक्षय्य तृतीया जवळ आली की पिशोरच्या शिवारात अद्रक लागवडीची घाई सुरू होते. उन्हाळी नांगरटीने उलथलेल्या रानात शेणखताच्या ट्रॉल्या रिकाम्या होतात, शेजारी सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोण्या उतरतात, निंबोळी पेंड येते, ट्रायकोडर्माची पाकिटे येतात. कुजलेल्या शेणखतात पेंड आणि सुपर फॉस्फेट कालवून तो माल बेडवर पसरतात, वर ठिबकच्या नळ्या अंथरतात आणि मग बेणे मातीआड होते. पुढचे आठ-नऊ महिने त्याच नळ्यांतून विद्राव्य खते सोडली जातात. शेण आणि रसायन एकाच बेडवर, एकाच पिकाला.

हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण ही दोन खते एका वाफ्यात यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि मधल्या काळात एकाने दुसऱ्याला जवळजवळ शेताबाहेर काढले होते. कन्नड तालुक्यातल्या या मोठ्या गावाची कहाणी मराठवाड्यातल्या बहुतेक कोरडवाहू गावांचीच कहाणी आहे. ती नीट समजून घेतली तर ‘सेंद्रिय की रासायनिक’ हा आजचा वाद किती उथळ पाण्यात चालला आहे, ते लक्षात येते.

पिशोर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आश्रयाने, अंजना नदीच्या खोऱ्यात वसले आहे. नदीकडे खोल काळी जमीन, डोंगराकडे चढत गेले की हलकी, मुरमाड. दोन्हींचा बाप एकच: दख्खनचा काळा पाषाण. या पाषाणापासून झालेल्या मातीत पालाश मुबलक असतो आणि चुनखडीही. पाणी धरून ठेवण्यात ही माती पटाईत. कमतरता असते ती नत्राची, पिकाला घेता येईल अशा स्फुरदाची आणि सेंद्रिय कर्बाची. उन्हाळ्यात रान भाजून निघते, पावसाळ्यात जिवाणू झपाट्याने कामाला लागतात आणि मातीत घातलेला पालापाचोळा, शेण वर्ष-दोन वर्षांत संपून जाते. थंड देशात एकदा घातलेले शेणखत वर्षानुवर्षे मातीत टिकते, इथे ते पुन्हापुन्हा घालावे लागते. या मातीचा सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

जुन्या शेतकऱ्याला कर्ब हा शब्द ठाऊक नव्हता, पण हिशेब चोख ठाऊक होता. घराजवळ किंवा गावकुसाबाहेर उकिरडा असे. गोठ्यातले शेण, गुरांच्या खाण्यातून उरलेली चिपाडे, चुलीची राख, घरातला केर, सगळे त्यात पडे. वैशाखात गाड्या भरून ते रानात जाई. तरी ते सगळ्या रानाला कधीच पुरत नसे. विहिरीवर मोट चालणारा बागायतीचा तुकडा, मिरची, ऊस, भाजीपाला यांचा पहिला मान. ज्वारी-बाजरीच्या जिरायती रानाला पाळीपाळीने, तीन-चार वर्षांतून एकदा खत मिळाले तरी पुष्कळ.

म्हणून इतर वाटा शोधलेल्या होत्या. रब्बी निघाली की धनगरांच्या मेंढ्या रानात बसवत. शे-दोनशे मेंढ्यांचा कळप रात्रभर एका तुकड्यात कोंडायचा, दुसऱ्या रात्री वाघूर, म्हणजे कळपाभोवतीचे जाळे, पुढच्या तुकड्यात सरकवायची. लेंडी आणि मूत्र जागच्या जागी पडे आणि मेंढपाळाला त्याबदल्यात धान्य मिळे. जुन्या गावठाणाची पांढरी माती हेही खत होते. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, हाडे, शेण, मोडलेल्या भिंती यांनी बनलेल्या त्या मातीत स्फुरद भरपूर असतो. महाराष्ट्रात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी पांढरीचे टेकाड खणून गाड्यांनी शेतात नेले, ते याच अनुभवामुळे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना त्याची हळहळ वाटते, कारण त्या टेकाडांत जुन्या वसाहतींचे अवशेष असतात. तळ्याचा गाळ हा आणखी एक आधार. आणि पेरणी ठरवताना बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, पाहिला जाई. तुरीचा, हरभऱ्याचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो, हे शेतकरी जाणत होता. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, याचा शास्त्रीय उलगडा युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला.

ही व्यवस्था सुबत्तेची नव्हती, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. जिरायती ज्वारीचे पीक कमीच येई, आणि पाऊस हुकला की दुष्काळ ठरलेला. जमिनीतून जितके काढले त्यातले बरेचसे गावातच राहत होते आणि पुन्हा रानात जात होते, एवढाच तिचा मोठा गुण.

तो फेरा तुटायला सुरुवात झाली ती धान्याला आणि कापसाला दूरची बाजारपेठ मिळाल्यावर. १९०० साली मनमाड ते हैदराबाद रेल्वेमार्ग औरंगाबाद आणि जालन्यावरून सुरू झाला. निजामाच्या राज्याचा हा कोपरा मुंबई बंदराला जोडला गेला. कापूस गेला, गळिताचे धान्य गेले. तेलबिया गावातल्या घाण्यावर गाळल्या तर पेंड गावातच राहते, गुरांच्या पोटातून रानात जाते. त्याच तेलबिया परदेशी गेल्या की त्यांच्यातला नत्र आणि स्फुरदही परदेशी जातो. त्या काळात देशभरातून मेलेल्या जनावरांची हाडेसुद्धा गोळा होऊन जहाजाने युरोपात जात आणि तिथल्या शेतात खत म्हणून पडत.

देशभर चाललेल्या या गळतीवर त्याआधीच सविस्तर बोट ठेवले होते ते जॉन ऑगस्टस व्होल्कर या ब्रिटिश कृषिरसायनशास्त्रज्ञाने. १८८९ मध्ये तो भारतात आला, देशभर हिंडला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी मागासलेला आहे, ही त्या वेळच्या अनेक साहेबांची समजूत त्याने खोडून काढली. नांगरणी, निंदणी, पिकांची फेरपालट यांत इथला शेतकरी कुठेही कमी नाही, त्याच्याजवळ खत आणि पाणी नाही, असा त्याच्या सांगण्याचा रोख होता. हाडे आणि तेलबिया देशाबाहेर जाणे त्याला खटकले. शेणाच्या गोवऱ्या चुलीत जाण्याचे कारणही त्याने बरोबर ओळखले: सरपणाला लाकूड नाही म्हणून शेण जळते. तेव्हा गावोगाव सरपणाची आणि चाऱ्याची राने राखा, असा त्याचा आग्रह होता. सव्वाशे वर्षांनंतरही त्या अहवालातली ही पाने शिळी झालेली नाहीत.

पुढचा टप्पा इंदूरचा. माळव्याची जमीन मराठवाड्यासारखीच काळी, पीकही कापसाचे. तिथे १९२४ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचा प्रमुख होता आणि त्याच्या हाताखाली रसायनशास्त्राचे काम यशवंत वाड पाहत होते. दोघांनी मिळून कंपोस्टची जी रीत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिच्यावरचे पुस्तक निघाले. पुढे जगाने हॉवर्डचे नाव लक्षात ठेवले आणि वाड मागे पडले. मराठी वाचकाने तरी ते नाव विसरू नये.

रीत अशी होती. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, दोन फूट खोल असा उथळ खड्डा. कापसाच्या पऱ्हाट्या टणक असतात म्हणून आधी त्या गाड्यांच्या वाटेवर टाकून चाकांखाली चेंगरून घ्यायच्या. मग काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, थोडी राख. पुन्हा थर. पाणी शिंपडायचे, पण चिखल होऊ द्यायचा नाही. सुमारे सोळा दिवसांनी पहिली उलथापालथ, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार. काडीत कर्ब फार आणि नत्र कमी, शेण-मूत्रात नत्र अधिक. दोन्हींचे प्रमाण जमवले की जिवाणू झपाट्याने काम करतात, हे त्या रीतीमागचे शास्त्र. उकिरड्यावर वर्षभर उन्हात-पावसात पडून निम्मा नत्र गमावणाऱ्या शेणापेक्षा हे खत कितीतरी कसदार होते.

हॉवर्ड पुढे रासायनिक खतांचा कडवा विरोधक झाला. याच सुमारास महाराष्ट्रात दुसरीकडे मात्र दोन्ही खतांना एकत्र आणण्याचे काम शांतपणे चालू होते. नीरा कालव्याच्या पट्ट्यात ऊस पिकवणारे शेतकरी शेंगदाण्याची आणि करडईची पेंड मोठ्या प्रमाणावर वापरत. अमोनियम सल्फेट बाजारात आले तेव्हा १९३२ मध्ये सुरू झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने त्याचे प्रयोग घेतले. शेणखत आधी मातीत, आणि वरून पेंड व अमोनियम सल्फेट यांचे मिश्रण हप्त्याहप्त्याने, अशी रीत तिथल्या बागायतदारांत रुळली. सल्फेट लगेच लागू पडते, पेंड सावकाश कुजत नत्र सोडते, शेणखत माती मोकळी ठेवते. तिघांची कामे वेगळी, म्हणून तिघेही हवेत. एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन असे भारदस्त नाव या रीतीला पन्नासेक वर्षांनी मिळाले.

पिशोरपर्यंत यातले काही पोचले नव्हते. निजामाच्या राज्यात परभणीला १९१८ च्या सुमारास प्रायोगिक शेती सुरू झाली होती, पण तिचा भर कापूस आणि ज्वारीच्या वाणांवर. खताची गोणी कन्नडच्या बाजारात यायला अजून अवकाश होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

देशात खतांचे युग सुरू झाले ते सिंद्रीच्या कारखान्याने. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर तिथे अमोनियम सल्फेट तयार होऊ लागले. त्या वर्षी साऱ्या देशाचा खतांचा वापर अन्नद्रव्यांच्या हिशेबाने सत्तर हजार टनांच्या आसपास होता. आज तो तीन कोटी टनांच्या घरात आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने मोठी घटना म्हणजे तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा कारखाना. १९६५ मध्ये तो सुरू झाला आणि ‘सुफला’ हे नाव घराघरांत गेले. १५:१५:१५ सुफला म्हणजेच खत, असे समजणारी एक पिढी मराठवाड्यात होऊन गेली.

गोणीला खेड्यात खरी जागा मिळाली ती संकरित ज्वारीमुळे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित बियाण्यांचा प्रसार हे राज्याचे मोठे कार्य मानले. गावरान ज्वारी उंच वाढे, कमी खतावर भागवे, भरपूर कडबा देई. संकरित ज्वारी बुटकी, लवकर येणारी, कणसाला भरीव, पण हेक्टरी ८० किलो नत्राची शिफारस घेऊन आलेली. एवढा नत्र उकिरड्यातून उभा करणे कोणालाही शक्य नव्हते. गणित सोपे आहे. चांगल्या शेणखतात नत्र असतो साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनामागे पाच किलो. आजच्या ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत तो असतो वीस किलोहून थोडा अधिक. एका गोणीची बरोबरी करायला चार टन शेणखत लागते, आणि त्यातलाही पहिल्या वर्षी पिकाच्या वाट्याला येतो सुमारे तिसरा हिस्सा. सायकलवरून घरी आणता येणारी गोणी आणि दोन-तीन ट्रॉल्या शेण यांच्यात शेतकऱ्याने गोणी निवडली, यात त्याला दोष देता येत नाही. सोसायटीच्या पीककर्जातला काही भाग खतांच्याच रूपाने मिळू लागला आणि वाट आणखी सोपी झाली.

सुरुवातीच्या वर्षांत पीक असे फोफावले की जुन्या माणसांचे डोळे दिपले. त्याचे कारण मात्र नीट पाहिले पाहिजे. तेव्हा गोठे भरलेले होते, रानात शेणखत पडत होते आणि त्यावर युरियाची चिमूट पडली होती. पिकाने साथ दिली ती या जोडीला. श्रेय एकट्या गोणीच्या खात्यावर जमा झाले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्याने त्यात माणसांना दुष्काळी कामावर खडी फोडताना पाहिले आणि जनावरांना दावणीला मरताना. कितीतरी गोठे त्या वर्षात रिकामे झाले. काही पुन्हा भरले, काही कायमचे ओस पडले. पुढच्या दशकांत मोटेची जागा इंजिनाने आणि विजेच्या मोटारीने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने. बैलाला काम उरले नाही, तेव्हा तो सांभाळणे परवडेना. गायरानांवर अतिक्रमणे झाली. कन्नडच्या डोंगरात १९८६ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले आणि जंगलातल्या चराईवर मर्यादा आल्या. उंच कडब्याच्या ज्वारीची जागा कपाशीने आणि नंतर मक्याने घेतली. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत पुन्हा चाऱ्याची ओढाताण झाली, पुन्हा दावणी सुटल्या. उकिरडा कोणी एका दिवसात टाकून दिला नाही. त्यात घालायला शेण उरले नाही म्हणून तो आटत गेला.

गोणी मात्र वाढत गेली, आणि तीही एकाच बाजूला. १९७७ पासून कारखान्यांना किंमत बांधून देणारी अनुदानाची योजना आली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, त्यांचे भाव एकदम चढले. युरिया नियंत्रणातच राहिला, म्हणून स्वस्त राहिला. देशात नत्र, स्फुरद, पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९:२.४:१ होते, ते पुढच्याच वर्षी ९.५:३.२:१ झाले. साधारणपणे आदर्श मानतात ते ४:२:१. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली, तिच्यातूनही युरिया वगळला गेला. त्यामुळे शेतकऱ्याने पांढरी गोणी पसंत केली, हे त्याच्या अडाणीपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे आहे. दिल्लीतल्या कागदावर ठरलेला भाव त्याला त्याच दुकानाकडे नेत होता.

रानाने याचा जाब द्यायला फार वेळ घेतला नाही. चुनखडीच्या, विम्ल जमिनीवर वरून फेकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. पीक हिरवेगार, लुसलुशीत दिसते आणि किडीला बळी पडते. जस्त आणि लोह कमी पडून पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नांगरटीला ढेकळे मोठी निघतात, पहिल्या पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. पूर्वी एका गोणीत भागायचे, आता दोन लागतात, हे वाक्य मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळते.

हे वाक्य खरे आहे का, याची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतलेली आहे, आणि तीही फार मोठ्या मुदतीची. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून आजपर्यंत गहू घेतला जातो. एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला रासायनिक खत, तिसऱ्याला काहीच नाही. त्याच धर्तीवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये देशभर दीर्घ मुदतीचे खत प्रयोग सुरू केले, पुढे अकोला आणि परभणी ही केंद्रेही त्यात आली. हिमाचलातल्या पालमपूरच्या आम्ल जमिनीत नुसता नत्र दिलेल्या तुकड्यात काही वर्षांतच मका आणि गहू जवळजवळ उगवेनासा झाला. जबलपूरच्या काळ्या जमिनीत, जी पिशोरच्या मातीची जवळची नातलग आहे, सोयाबीन-गव्हाला नुसता नत्र देऊन भागले नाही, तर नत्र, स्फुरद, पालाश आणि त्याबरोबर शेणखत दिलेला तुकडा वर्षानुवर्षे सर्वांत पुढे राहिला. मातीतला सेंद्रिय कर्बही तिथेच वाढला.

त्याहून जवळचा पुरावा सोलापूरचा. तिथल्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९८० च्या दशकात रब्बी ज्वारीवर एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. हेक्टरी ५० किलो नत्र द्यायचा, पण कसा? सगळा युरियातून, की काही सुबाभळीच्या हिरव्या पाल्यातून? वीस-बावीस वर्षांच्या नोंदींनंतर सरस ठरली ती अर्धा-अर्धा वाटणी: २५ किलो पाल्यातून, २५ किलो युरियातून. उत्पादनही चांगले, मातीतला कर्बही चांगला. अवर्षणाचा पट्टा, काळी माती, रब्बीची ज्वारी आणि बांधावर सहज वाढणारे झाड. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला याहून ओळखीचा प्रयोग कुठला असणार?

या जोडीचे बळ कशात आहे, ते अद्रकाच्या बेडवर हाताने चाचपून पाहता येते. सुपर फॉस्फेट नुसते चुनखडीच्या मातीत टाकले तर त्यातला स्फुरद चुन्याशी जखडला जातो आणि मुळांच्या हाती लागत नाही. तेच कुजलेल्या शेणखतात मुरवून दिले तर शेणातली सेंद्रिय आम्ले त्याला मोकळे ठेवतात. झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या, असे कृषी विद्यापीठे सांगतात, त्यामागचे कारणही हेच. अद्रकाचा कंद वाढायला माती भुसभुशीत लागते आणि पाणी क्षणभरही तुंबलेले चालत नाही. तुंबले की कंदकूज आली, आणि कंदकुजीने बेडच्या बेड बसतात. शेणखत माती मोकळी ठेवते आणि त्यातच वाढवलेली ट्रायकोडर्मा बुरशी कंदकुजीच्या बुरशीला रोखायला मदत करते. पण नुसत्या शेणखतावर हे हावरट पीक भागत नाही. म्हणून हेक्टरी २५ ते ३० टन शेणखताबरोबर १२० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद, ७५ किलो पालाश अशी शिफारस आहे. स्फुरद आणि पालाश लागवडीला, नत्र हप्त्यांनी, शेवटचा हप्ता उटाळणीच्या, म्हणजे कंदांभोवतीची माती हलवण्याच्या, सुमारास.

यात चुकाही होतात आणि त्या महागात पडतात. अर्धवट कुजलेले, वाफाळते शेण बेडवर गेले की हुमणीचे भुंगेरे त्यावर अंडी घालतात आणि पुढे अळी मुळे कुरतडते. ओल्या शेणात युरिया कालवला तर अमोनियाचा उग्र वास सुटतो. तो वास म्हणजे दुकानात मोजलेले पैसे हवेत चालल्याची खूण. मुरलेले खत हातात घेतले तर त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, बोटांना चिकटत नाही आणि त्यात शेणाचा पो ओळखू येत नाही. एवढी परीक्षा घरच्या घरी करता येते.

अद्रकाला कधी चांगला भाव येतो, कधी साफ कोसळतो. पण या पिकाने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड, खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड या तालुक्यांत शेणखताला पुन्हा किंमत आणली, हे नाकारता येत नाही. जे पूर्वी उकिरड्यावर फुकट पडे ते आता ट्रॉलीच्या भावाने विकत घ्यावे लागते. कोंबडखत येते, साखर कारखान्याची मळी येते, मेंढ्या बसवण्यासाठी मेंढपाळांना निरोप जातात. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली आणि तलावाचा गाळ रानात नेण्याची जुनी रीत सरकारी कागदावर आली.

अडचण अशी की विकतचे शेणखत श्रीमंत पिकालाच परवडते. बागायती अद्रकाला चार ट्रॉल्या पडतात आणि शेजारच्या कोरडवाहू मक्याला, कपाशीला पुन्हा नुसता युरिया. शंभर वर्षांपूर्वी मोटेच्या बागायतीला खत आणि जिरायतीला पाळी, अशी जी विषमता होती तीच नव्या रूपात उभी आहे. पिशोरच्या परिसरातले बहुतांश रान पावसावरच आहे. त्या रानाला सेंद्रिय खत कुठून द्यायचे, हा आजचा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर बरेचसे त्याच रानात उभे आहे. मक्याची ताटे आणि कपाशीच्या पऱ्हाट्या दरवर्षी बांधावर पेटवल्या जातात आणि त्यांच्यातला कर्ब, नत्र धूर होऊन जातो. पऱ्हाट्या रचून ठेवल्या तर बोंडअळीला आसरा मिळतो, ही भीती खरी आहे. पण यंत्राने बारीक करून, शेणकाला आणि थोडा युरिया-सुपर फॉस्फेट देऊन त्या कुजवता येतात. वाड आणि हॉवर्ड यांनी नव्वद वर्षांपूर्वी याच पऱ्हाट्या गाडीच्या चाकाखाली चेंगरून ते करून दाखवले होते. आता चाकाची जागा कुट्टीयंत्राने घेतली आहे आणि ते गटाने भाड्याने आणता येते. मक्यात तुरीचे तास, बांधावर गिरीपुष्प किंवा सुबाभूळ, चार वर्षांतून एकदा ताग किंवा धैंचा गाडणे, ही कामे गोणीपेक्षा स्वस्त आहेत. सरकारनेही युरियाच्या अनुदानावर जेवढा पैसा ओतला, त्याचा छोटासा वाटा गावपातळीवरच्या कंपोस्टला दिला पाहिजे. ती मागणी शेतकऱ्यांच्या संघटनांनी लावून धरावी.

आणि शेतकऱ्याने येत्या हंगामाआधी दोन गोष्टी कराव्यात. रानातली माती तपासून घ्यावी आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी वाचावा. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर युरियाची तिसरी गोणी घेण्याआधी त्या पैशांत पऱ्हाटीची कुट्टी करून घ्यावी.